अनुलोम-विलोम: श्वास निसटतो, एक नाकपुडी बंद असते, खांदा भरून येतो

सकाळपाळी
अनुलोम-विलोमाच्या रोजच्या सरावात काही अडचणी अडून बसल्या आहेत. शिकवणाऱ्यांनी किंवा मुरलेल्या साधकांनी नेमकं सांगावं ही विनंती.

एक, 4:16:8 (श्वास घेणे : रोखणे : सोडणे) हे प्रमाण सगळीकडे दिलेलं दिसतं. 16 पर्यंत श्वास रोखता येतो, पण सोडायला लागल्यावर तो 4-5 अंकांतच निसटतो आणि पुढचा पूरक, म्हणजे श्वास घेणं, धाप लागल्यासारखा होतो. काही आवर्तनांनंतर डोकं हलकं वाटतं, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात.
दोन, एक नाकपुडी जवळजवळ बंद असते. कधी डावी, कधी उजवी. त्या बाजूने जोर लावून श्वास घ्यायचा, की ती बाजू सोडून द्यायची?
तीन, नाकपुडी नेमकी कधी बदलायची? श्वास घेतल्यावर की सोडल्यावर? मध्येच गोंधळ होतो.
चार, उजवा खांदा लवकर भरून येतो आणि मान हाताकडे झुकलेली सापडते.
पाच, एकूण किती आवर्तनं करावीत?

बैठक मांडी घालून, सकाळी रिकाम्या पोटी. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास नाही.

पूरकरेचक
पहिला मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या निम्म्या अडचणी तिथूनच निघतात.

16 चा कुंभक, म्हणजे श्वास रोखणं, आजपासून बंद करा. कायमचा नाही, पण सध्या पूर्ण बंद. 4:16:8 म्हणजे एका श्वासाला 28 सेकंद, मिनिटाला जेमतेम दोन श्वास. हे शिखराचं प्रमाण आहे. ते नवशिक्याच्या तक्त्यात छापलं जातं आणि लोक पहिल्याच आठवड्यात तिथे चढायला जातात.

तुम्हाला जे होतंय त्याचं कारण सरळ आहे. श्वास रोखल्यावर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. श्वास घेण्याची ऊर्मी प्राणवायू कमी पडल्यामुळे फारशी येत नाही, ती मुख्यतः या वायूमुळे येते. म्हणून 16 संपेपर्यंत आतून ढकलणं सुरू झालेलं असतं आणि रेचकावर, म्हणजे श्वास सोडण्यावर, तुमचा ताबा राहत नाही. हवा भसकन जाते. मग धापेसरशी दोन-तीन मोठे श्वास आत येतात आणि तोच वायू गरजेपेक्षा जास्त बाहेर फेकला जातो. तो फार उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं. मुंग्याही त्यानेच येतात. काही जण याला ‘शक्ती जागृत झाली’ समजून आणखी जोर लावतात. तसं समजू नका. तिथेच थांबायचं, हात खाली घ्यायचा आणि साधा श्वास चालू द्यायचा.

किती वेळ रोखता येतं यावर या प्राणायामाची पारख होत नाही. रेचक शेवटच्या अंकापर्यंत एकसारखा जातो का, आणि त्यानंतरचा पूरक घाई न होता सुरू होतो का, हे पाहायचं. पूरक हपापल्यासारखा आला तर आधीचा रेचक लांबला होता, किंवा त्याआधीचा कुंभक जास्त झाला होता.

चढण अशी ठेवा. पहिला आठवडाभर मोजणीच नको. फक्त बोटांची हालचाल आणि बाजूंचा क्रम अंगवळणी पाडा. मग 4 घेणे, 4 सोडणे. मग 4:6. मग 4:8. सलग 10 आवर्तनं एकाही ठिकाणी धाप न लागता झाली आणि असं आठवडाभर टिकलं, तरच पुढची पायरी. 4:8 स्थिर झालं की 5:10, मग 6:12. एखाद्या दिवशी झोप कमी झाली, सर्दी आहे, मन अस्वस्थ आहे, तर बिनदिक्कत एक पायरी खाली या. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेत, स्वामी कुवलयानंदांच्या परंपरेत, अनुलोम-विलोम कुंभकाशिवाय 1:2 प्रमाणातच शिकवतात. त्यात काही कमी राहतं असं समजू नका.

मोजताना एक गडबड जवळपास सगळ्यांची होते. रेचकात हवा संपत आली की मनातली मोजणी नकळत पळू लागते. सहा-सात-आठ एका दमात म्हटलं जातं आणि वाटतं की 8 जमलं. अधूनमधून मिनिटाला 60 ठोक्यांच्या मेट्रोनोमवर दोन आवर्तनं पडताळून पाहा, मग तो बंद करा. कायम आवाज लावून बसलात तर लक्ष श्वासाऐवजी ठोक्याकडे जातं. नाडीच्या ठोक्यांवर मोजू नका. श्वास घेताना नाडी जलद होते, सोडताना मंदावते, त्यामुळे मापच बदलत राहतं.

दुसरं, रेचकाची सुरुवात. पहिल्या दोन अंकांतच निम्मी हवा जाते आणि उरलेल्या अंकांना काही उरत नाही. रेचक सुरू करताना मुद्दाम अगदी बारीक सुरू करा. शेवट आपोआप सांभाळला जातो.

पूरकही पूर्ण ठासून भरू नका. तीन-चतुर्थांश पुरे. छाती काठोकाठ भरली की बरगड्या ताणलेल्या राहतात आणि त्या ताणानेच हवा झटक्यात बाहेर पडते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे: बदल फक्त पूरकानंतर. ज्या नाकपुडीने सोडला, तिनेच पुन्हा घ्यायचा. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात (अध्यायात) ‘येन त्यजेत्तेन पीत्वा’ म्हणून हेच सांगितलंय. क्रम असा: डावीने घ्या, उजवीने सोडा, उजवीनेच घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन. सुरुवात डावीने, शेवट डावीच्या रेचकाने. रेचकानंतर बाजू बदललीत तर प्रत्येक वेळी एकाच बाजूने घेणं आणि दुसऱ्याच बाजूने सोडणं होतं. सतत उजवीने घेऊन डावीने सोडणं म्हणजे सूर्यभेदन. तो वेगळा प्राणायाम आहे, नकळत करायचा नाही.

मेरुदंड
खांदा आणि मान याबद्दल मी लिहिते. ही अडचण क्षुल्लक म्हणून सोडून देतात, पण सगळा श्वास तिथेच बिघडतो.

आधी बैठक. मांडी घातल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर कंबर मागे कलते, पोट घडी होतं आणि श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला) खाली उतरायला जागा उरत नाही. मग श्वास छातीच्या वरच्या भागात आणि खांद्यांत येतो. नितंबांखाली घट्ट घडी केलेली चादर किंवा ब्लँकेट घ्या, गुडघे कमरेच्या पातळीला किंवा खाली येतील इतकी. गादीवर बसू नका, ती दबते आणि कंबर तशीच कलते. गुडघे साथ देत नसतील तर खुर्ची घ्या. पुढच्या कडेकडे सरकून बसा, पाठ टेकू नका, दोन्ही तळवे जमिनीवर. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा.

हात नाकाकडे न्यायचा, नाक हाताकडे नाही. उजवं कोपर खांद्याच्या उंचीला उचलून धरू नका, आणि छातीला चिकटवूही नका. ते बरगड्यांपासून वितीभर लांब, सैल लोंबलेलं असावं. तरीही भरून आलं तर डाव्या हाताचा तळवा उजव्या कोपराखाली आधाराला द्या. त्यात कमीपणा काही नाही. मान झुकतेय का हे उघड्या डोळ्यांनी आरशासमोर दोन-तीन आवर्तनं करून बघा. नाकाचा शेंडा, हनुवटी आणि छातीच्या हाडाचा मध्य एका रेषेत हवा.

बोटं: तर्जनी आणि मधलं बोट तळव्यात दुमडलेलं, अंगठा उजव्या बाजूला, अनामिका आणि करंगळी मिळून डाव्या बाजूला. दुमडताना बोटं आखडत असतील तर ती दोन्ही बोटं भुवयांच्या मध्ये टेकवा, तीही रूढ पद्धत आहे. मात्र कपाळावर भार टाकू नका. डावखुऱ्यांनी डावा हात खुशाल वापरावा. मग अंगठा डावीकडे येतो इतकंच, श्वासाचा क्रम तोच.

आता खरा मुद्दा, बोट कुठे ठेवायचं. नाकाचं हाड बोटाने चाचपत खाली या. जिथे हाड संपून मऊ भाग सुरू होतो, त्याच्या लगेच खाली हलका दाब द्या. बहुतेक जण अगदी खाली, नाकपुडीच्या पाळीवर दाबतात आणि तेही जोरात. त्याने मधला पडदा पलीकडे ढकलला जातो आणि उघडी असलेली नाकपुडीच अरुंद होते! ‘माझी बाजू बंद आहे’ म्हणणाऱ्या कित्येकांची ती त्यांच्याच अंगठ्याने बंद झालेली असते. हवा थांबेल इतकाच दाब. नाकावर बोटाचा ठसा उमटत असेल तर तो जास्त आहे. नखं कापलेली हवीत.

बदलताना आधी उघडी नाकपुडी बंद करा, मगच दुसरी उघडा. यात अर्ध्या सेकंदाचा खंड पडतो, तो कुंभक नव्हे, त्याची काळजी नको. तोंड मिटलेलं, पण दात एकमेकांवर दाबलेले नकोत, जीभ सैल. लाळ गिळायची झाली तर रेचक संपल्यावर, पूरकाआधी.

श्वासाचा आवाज नाकात होऊ नये. घशात घर्षण करून उज्जायीसारखा आवाज काढणं इथे चुकीचं आहे, कारण मग हवेचं नियंत्रण घसा करतो आणि बोटं नुसती नावाला राहतात.

शंखिका
नाकपुडी बंद असण्याबद्दल. कधी डावी, कधी उजवी असं होतंय ना? मग बहुधा तो दोष नाही, नाकाची रोजची रीत आहे.

नाकाच्या आत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर हाडाच्या वळलेल्या पट्ट्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांवरच्या आवरणात रक्त भरलं की ते फुगतं आणि वाट अरुंद होते, रक्त उतरलं की वाट मोकळी होते. बहुतेकांत हे आळीपाळीने चालतं. एक बाजू फुगलेली असताना दुसरी सैल, आणि काही तासांनी उलट. 1895 मध्ये कायसर या जर्मन वैद्याने हे चक्र वैद्यकात नोंदवलं. स्वरशास्त्रात डावा-उजवा स्वर चालतो म्हणतात, तो अनुभव याच घटनेचा. दोन्हींचा मिळून हवेला होणारा विरोध साधारण तेवढाच राहतो, म्हणून एरवी आपल्याला हे कळतही नाही. एक बाजू बोटाने बंद केली की कळतं.

म्हणून दोन्ही नाकपुड्या सारख्या वाहिल्याच पाहिजेत हा हट्ट सोडा. अरुंद बाजूने जोर लावून हवा ओढलीत तर आतला दाब घटून मऊ भिंत आत खेचली जाते आणि वाट आणखी मिटते. जोराने हवा कमी येते, जास्त नाही. तिथे श्वास हळू करा. मोजणी दोन्ही बाजूंना सारखी ठेवायची असेल तर अरुंद बाजूला जमेल तोच आकडा दोन्हींना लावा, मोकळ्या बाजूचा नाही. आणि मोकळ्या बाजूला बोटाचा अर्धवट दाब ठेवा, नळ थोडा आवळल्यासारखा. दोन्हींचा प्रवाह जवळ येतो आणि रेचकही आपोआप लांबतो. ज्यांच्या नाकाचा पडदा कायमचा वाकडा आहे त्यांनाही हाच उपाय.

बसण्याआधी बाजू मोकळी करायची असेल तर कुशीवर पडा. खालची नाकपुडी भरते, वरची उघडते. म्हणजे उजवी बंद असेल तर डाव्या कुशीवर पाच-दहा मिनिटं. काखेत दाब दिल्यानेही हेच होतं, विरुद्ध बाजू मोकळी होते. योगदंड (टेकायची आखूड काठी) काखेत घेऊन बसायची जुनी रीत यावरच आहे. योगदंड नसला तर डाव्या काखेत उजव्या हाताची मूठ घट्ट धरा, उजवी नाकपुडी सैल होऊ लागेल. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, पण करून पाहण्यात काही जात नाही.

सर्दीने दोन्ही बाजू बंद असतील तर त्या दिवशी अनुलोम-विलोम नको. बोटं न लावता, नुसतं लक्ष आलटून-पालटून डाव्या-उजव्या नाकपुडीवर नेत साधा श्वास पाहा. नाक मोकळं करणारे औषधी थेंब टाकून रोज बसायची सवय तर मुळीच लावू नका. ते काही दिवसांपेक्षा जास्त वापरले की उलट नाक कायम चोंदू लागतं. आणि एकच ठरावीक बाजू महिनोन्महिने बंद आहे, किंवा त्यातून रक्त येतंय, तर प्राणायामाने सुटण्याची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

सकाळपाळी
अंगठ्याच्या जागेचं लगेच पडताळून पाहिलं. दाब पाळीवरच पडत होता. वर सरकवल्यावर डावी बाजू बरीच मोकळी वाटते.

अजून दोन शंका. जलनेती (मिठाच्या पाण्याने नाक धुणं) आधी करावी का, आणि केली तर मिठाचं प्रमाण काय? आणि पुढे कुंभक कधी, कसा जोडायचा?

शंखिका
जलनेती रोज करायलाच हवी असं नाही. नाकात चिकट स्राव साचत असेल, धूळ-धूर असेल तर उपयोगी. नुसत्या फुगलेल्या टर्बिनेटवर तिचा परिणाम थोडाच वेळ टिकतो.

अर्धा लिटर पाण्याला साधारण साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचा किंचित कमी. मीठ बारीक आणि पूर्ण विरघळलेलं हवं. प्रमाण रक्ताच्या खारटपणाशी जुळलं की नाकाला काही झोंबत नाही. झोंबलं तर मीठ कमी पडलंय किंवा जास्त झालंय. साधं बिनमिठाचं पाणी सर्वांत जास्त झोंबतं. पाणी कोमट हवं, आणि उकळून कोमट केलेलंच. थेट नळाचं नको. नेग्लेरिया नावाचा अमीबा पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. असं क्वचित घडतं, पण घडलं तर ते बहुधा जीवावर बेततं.

नंतर नाक कोरडं करणं हा जलनेतीचाच भाग समजा. कमरेतून पुढे वाका, डोकं दोन्ही बाजूंना वळवत पाणी निथळू द्या, मग दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके फुंकर मारा. एक बाजू दाबून जोरात शिंकरलं तर पाणी कानाकडे ढकललं जातं. पंधरा-वीस मिनिटांनी प्राणायामाला बसा. कान दुखत असेल, नाकातून नुकतंच रक्त आलं असेल किंवा नाक ठार बंद असेल तर जलनेती टाळा.

निश्चयी
वर सगळे कुंभकाला घाबरवत आहेत असं वाटतं. नाडीशोधनाचं, म्हणजे याच प्राणायामाचं, खरं फळ कुंभकातच आहे, ग्रंथांतही तेच. पहिल्यापासून थोडा-थोडा कुंभक घ्यायला काय हरकत? आणि श्वास पूर्ण क्षमतेने भरल्याशिवाय फुप्फुसांचा खालचा भाग वापरात येत नाही. रोज 15 मिनिटं भरपूर खोल श्वास घ्यावेत, लवकर प्रगती होते.

पूरकरेचक
निश्चयी, कुंभकाचं महत्त्व कुणी नाकारत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. हठप्रदीपिकेत कुंभक सांगितलाय तो ‘यथाशक्ति’, आणि त्याच उपदेशात पुढे बजावलंय की चुकीच्या सरावाने उचकी, दमा, खोकला, डोकं-कान-डोळे दुखणं असे त्रास होतात. रेचक ‘शनैः’ म्हणजे सावकाश, वेगाने नाही, हेही तिथेच आहे. नाड्या (प्राण वाहणारे मार्ग) शुद्ध व्हायला तीन महिन्यांहून जास्त काळ दिला आहे, आणि तोही नियमाने वागणाऱ्या साधकाला. घाई ग्रंथात नाही, आपल्यात आहे.

खोल आणि भरपूर यांत फरक करा. फुप्फुसांचा खालचा भाग वापरायचा तर श्वासपटल खाली उतरलं पाहिजे. त्यासाठी छाती काठोकाठ भरावी लागत नाही. मोकळा असलेला हात खालच्या बरगड्यांवर ठेवा. पूरकात त्या बाजूंना पसरतात का आणि खांदे जागेवर राहतात का, एवढं पाहा. 15 मिनिटं भरगच्च श्वास घेतले तर वर वर्णन केलेल्या मुंग्या आणि गरगर हमखास येते.

आता सकाळपाळींच्या प्रश्नाकडे. 6:12 ची 10-12 आवर्तनं निदान महिनाभर सहज होत असतील तेव्हा कुंभक जोडा, आणि जोडताना मूळ आकडा 6 वरून 4 वर आणा. 4:4:8 पासून सुरुवात. ते मुरलं की 4:8:8. मग 4:12:8, आणि सर्वांत शेवटी 4:16:8. प्रत्येक टप्प्याला आठवडे लागतील, काहींना महिने. कुंभक फक्त पूरकानंतर. रेचकानंतर बाहेर रोखणं पुस्तकातून किंवा व्हिडिओ पाहून सुरू करू नका, ते समोर बसून शिकायचं.

रोखताना दोन्ही नाकपुड्या बंद, पण घसा आवळायचा नाही आणि पोटाने दाब द्यायचा नाही. कानात दडे बसणं, चेहरा तापणं, डोळ्यांमागे दाब, यांपैकी काहीही जाणवलं तर तुम्ही कुंभक करत नसून कुंथत आहात. आकडा खाली आणा. कुंभक 10 अंकांपलीकडे जाऊ लागला की जालंधर बंध शिकून घ्या: छाती किंचित उचलून हनुवटी कंठकूपाकडे (गळ्याखालच्या खळग्याकडे), खांदे न आवळता. बंध सोडून मान सरळ झाल्यावरच रेचक. मान वाकलेली असताना श्वास सोडला तर तो अडखळतो.

पुढचा टप्पा तयार आहे की नाही हे कुंभकातून नाही, त्यानंतरच्या रेचकातून कळतं. 4:8:8 मध्ये शेवटच्या आवर्तनाचा रेचक पहिल्या आवर्तनासारखाच शांत गेला, तर पुढे चला.

नाडीपरीक्षक
कुणी कुंभक करू नये हे वर राहून गेलं. वाचणाऱ्यांत वयस्कर माणसंही असतील म्हणून लिहितो.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, दृष्टिपटलाचे आजार, हर्निया, पोट-छाती-डोळ्यांची नुकती शस्त्रक्रिया आणि गर्भारपण, एवढ्यांत श्वास रोखणं नको. रोखून जोर दिला की छातीतला आणि पोटातला दाब वाढतो, त्याबरोबर रक्तदाब आणि डोळ्यातला दाबही वर-खाली होतो. कुंभकाशिवायचा हळू अनुलोम-विलोम यांतल्या बहुतेकांना चालतो. मात्र डॉक्टरांना विचारून, आणि 4:4 किंवा 4:6 इतकाच. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने कमी करायची नाही, मोजणी कितीही छान आली तरी.

दमा असणाऱ्यांनी धाप चालू असताना हा प्राणायाम करू नये, औषधाचा फवारा जवळ ठेवूनच बसावं. ज्यांना घाबरंघुबरं होण्याचे झटके येतात त्यांना नाकपुडी बंद करण्यानेच गुदमरल्यासारखं वाटू शकतं. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, 3:3 पासून सुरू करावं, आणि बोट पूर्ण न दाबता नुसतं टेकवावं.

फायद्यांविषयी एक स्पष्ट करतो. डावीने शरीर थंड, उजवीने गरम, अमुक नाकपुडीने मेंदूचा तमुक भाग, असं बरंच ठामपणे लिहिलं जातं. नाकपुड्या आलटून-पालटून घेतल्याचा वेगळा परिणाम किती, यावर मी तेवढं ठाम बोलणार नाही. संथ श्वासाचा परिणाम मात्र पक्का समजलेला आहे. आराम करताना प्रौढ माणूस मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. 4:8 मध्ये ते 5 होतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास असताना, श्वासाबरोबर नाडीचा वेग वर-खाली होणं सर्वांत ठळक दिसतं, आणि लांब रेचकात हृदयाला शांत करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा प्रभाव वाढतो. म्हणून तर रेचक दुप्पट. बोटांचं काम म्हणाल तर, एका नाकपुडीने वाट अरुंद होते आणि श्वास आपोआप संथ होतो, शिवाय मनाला धरायला काहीतरी मिळतं. एवढ्यानेही रोज करण्याइतकं मोल या सरावाला आहे.

मेरुदंड
आवर्तनांचा प्रश्न राहिला. 4:8 चं एक आवर्तन 24 सेकंदांचं, म्हणजे 10 आवर्तनं 4 मिनिटांत होतात. सुरुवातीला 5, महिन्याभरात 10. 6:12 ची 10 आवर्तनं म्हणजे 6 मिनिटं. यापुढे वेळ वाढवायची झाली तर एका बैठकीत ओढण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ अशी विभागून करा. खांदाही वाचतो आणि शेवटची आवर्तनं घाईत जात नाहीत.

जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. क्रम: आसनं, मग कपालभाती करत असाल तर ती, त्यानंतर श्वास पूर्ण पूर्वपदावर येईपर्यंत थांबून अनुलोम-विलोम, शेवटी भ्रामरी किंवा ध्यान. कपालभाती आणि अनुलोम-विलोम यांच्यात थांबायचं राहून जातं. कपालभातीनंतर श्वास घेण्याची ऊर्मी काही वेळ दबलेली असते. त्या भरात पहिली दोन आवर्तनं विलक्षण लांब जमतात आणि तिसऱ्याला सगळं कोसळतं.

मोजणी चुकली, बाजू विसरलात, तर मध्येच सुधारत बसू नका. दोन्ही नाकपुड्या उघडून एक-दोन साधे श्वास घ्या आणि डावीच्या पूरकाने नव्याने सुरू करा. शेवटचा रेचक डावीने झाल्यावर हात गुडघ्यावर आणा आणि निदान मिनिटभर काहीही न मोजता बसा. लगेच उठून पळू नका. रेचक लांब असताना काहींचा रक्तदाब थोडा उतरतो, झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

सकाळपाळी
म्हणजे सध्या कुंभक बंद, मोजणीशिवाय आठवडाभर, मग 4:4. डावा हात कोपराखाली. एकच राहिलं, संध्याकाळी केला तर झोपेवर परिणाम होतो का?

पूरकरेचक
कुंभक नसेल तर झोपेला मदतच होते. रात्रीच्या जेवणाआधी करा, किंवा झोपण्यापूर्वी करायचा असेल तर जेवण लवकर उरकून 4:6 ची पाच-सहा आवर्तनं, त्याहून जास्त नको. पलंगावर बसून नाही, मेरुदंड यांनी सांगितलंय तसं जमिनीवर किंवा खुर्चीवर. करता करता पेंग येऊन बोटं सुटू लागली तर तिथेच थांबवून झोपा, राहिलेली आवर्तनं पूर्ण करत बसू नका.